नॅटचा डावा पंख

लिहायला बसले तेव्हा पहिलं अर्धं पान नुसतं खोडण्यात गेलं. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळलं नाही, तेव्हा जिथे चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने मनातल्या मनात सुधारून घ्यावं आणि मला माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर माझ्या हातून लिहिलं गेलं ते वाणसामानाची यादी आणि लग्नातल्या आहेराच्या पाकिटावर नाव, एवढंच. खरं तर वाचणारं कोणी नाही. ही वही मी तांदळाच्या पिंपामागे ठेवते आणि घरातले सगळे आपापल्या कामाला गेले की काढते. मी बोलणारी बाई नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, या वयातही निघत नाही. बाबा होते तेव्हा त्यांना जे सांगायचं राहिलं ते आता कोणाला सांगणार, म्हणून कागदावर ठेवते आहे.

आमचं क्वार्टर पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरातल्या शेवटच्या ओळीत होतं. दोन खोल्या, पुढे अरुंद व्हरांडा, मागे अंगण, अंगणात नळ आणि एक पेरूचं झाड. बाबा त्याच कारखान्यात, म्हणजे प्लांटात, पॅटर्न शॉपमध्ये होते. आईला दमा होता. सिगडीचा धूर तिला सोसत नसे, म्हणून चौथीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात सिगडी माझ्याकडे आली आणि शाळा राहून गेली. कोणी मला शाळेतून काढलं असं नाही. जून आला, धाकट्या बहिणीची वेणी घालून मी तिला शाळेत पाठवलं आणि भाकरी थापत बसले, इतकंच. सकाळचा भोंगा झाला की सगळ्या ओळीतून सायकली निघत आणि त्यांची खडखड कोपऱ्यावर जाऊन विरे. मग दिवसभर लांबून वॅगनचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज. दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर लाल धूळ बसे, ती झटकायची, पुसायची नाही, पुसली की डाग पडतो. संध्याकाळी प्लांटात लोखंडाची तापलेली मळी ओतली की आभाळ शेंदरी होई आणि आई खाटेवरून आभाळ दाखवून म्हणे, "ओतलं पाय. दिवा नको लावू अजून, भाजी दिसते एवढ्यात." आम्ही त्या उजेडात अंबाडी निवडायचो.

लढाई झाली त्या वर्षी खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. सायरनचा सराव होई. मला विमानाच्या आवाजाची इतकी भीती बसली की एखादं विमान साधंच वरून गेलं तरी मी हातातली परात टाकून खाटेखाली जायची. आई रागवायची, बहीण हसायची. एका रविवारी बाबांनी रद्दीतून एक मासिक आणलं. त्यात नॅट या आपल्या लहान लढाऊ विमानाचं वरून, समोरून आणि बाजूने काढलेलं चित्र होतं, आणि प्रत्येक भागाची लांबी फुटांत लिहिलेली होती. ते माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "ज्याचं भेव वाटते ना, ते हातात घेऊन पाहावं. बनव याले."

"मी?"

"मंग कोण? मी हात लावतो, बनवशीन तू."

पॅटर्न शॉपमधलं त्यांचं काम असं होतं की लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडात नमुना करायचा. तो नमुना वाळूत दाबून काढला की वाळूत त्याच्या आकाराची पोकळी उरते आणि तिच्यात वितळलेला रस ओततात. म्हणजे बाबा जे बनवत ते कोणाच्याच घरी जात नसे, त्याच्यासारखं दुसरं काहीतरी जात असे. म्हणूनच असेल, पण ते पहिलं वीतभर विमान पुरं झालं तेव्हा त्यांनी ते तळहातावर घेऊन पुष्कळ वेळ पाहिलं. शेवटी त्याला दोरा बांधून छताच्या हुकाला टांगलं आणि म्हणाले, "हे आपलंच राहीन."

त्यानंतर दोन वर्षं आमचे रविवार असे गेले. सकाळी बाबा मटण आणत. मी मसाला वाटून ते सिगडीवर चढवलं की त्याच सिगडीच्या कडेला सरसाचा डबा ठेवायचा. सरस म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचा गोंद, तो पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून वितळवावा लागतो, आणि त्याचा वास मटणाच्या वासात असा मिसळे की आई म्हणायची, "अवो, नक्की काय जेवाचं आहे आज?" व्हरांड्यात पोतं अंथरून आम्ही बसत असू. बाबा करवतीने लाकूड कापत, पटाशीने मोठा आकार काढत, आणि मग ते माझ्या हातात येई. कानस आणि रेगमाल, म्हणजे घासायचा खरखरीत कागद, हे माझं काम. विमानाचं पोट घासताना बाबा माझं बोट धरून त्याच्यावरून फिरवत. "डोळे मिट. आता सांग कुठी उंच लागते." डोळे मिटून बोटाला जे समजायचं ते उघड्या डोळ्यांना दिसत नसे. आम्ही फार बोलत नसू. रेगमालचा आवाज व्हायचा, आई आतून खोकायची, मध्येच बाबा फुंकर मारून भुसा उडवायचे. मला वाटतं मी आयुष्यात कोणाशी सगळ्यात जास्त बोलले असेन तर ते त्या न बोलण्यातच.

माप बाबा घेत. त्यांच्या पँटला मांडीवर लांब खिसा होता, त्यात त्यांची स्टीलची फूटपट्टी असे, हात लागून लागून कडा गुळगुळीत झालेली. "खऱ्या विमानाचा एक फूट म्हणजे आपला पाव इंच," असं ठरलं की सगळं त्याच हिशोबाने. शाळेत अपूर्णांक मला कधी समजले नाहीत, मास्तर फळ्यावर खडू आपटत आणि माझं डोकं बंद होई. लाकडावर ते आपोआप समजले. रंग मात्र पूर्ण माझा. बाबांच्या शॉपमध्ये नमुन्याच्या प्रत्येक रंगाला अर्थ होता. लाल म्हणजे अमुक, पिवळा म्हणजे पुढे मशीनवर घासायचं, काळा म्हणजे आत पोकळ राहणार. त्यामुळे मी पहिल्या विमानाला पिवळी रेघ दिली तर ते कळवळून म्हणाले, "पिवळा नको देऊ माय, मले ते अजून घासाचं राहिलं असंच वाटते." पंखांवरचं तिरंगी चक्र मी बहिणीच्या लहानशा बांगडीने आखायची, त्याच्या आतलं बाटलीच्या झाकणाने, सगळ्यात आतलं पाच पैशाच्या... नाही, ते चौकोनी असायचं, दहा पैशाचंही कंगोऱ्याचं. शर्टाच्या बटणाने आखायची, आता आठवलं. ब्रशचे केस कापून तीनच ठेवलेले होते. श्वास रोखून ओढायचं. बाबा म्हणत, "माझा हात लाकडाचा, तुझा हात रंगाचा."

मागच्या वर्षी सिविक सेंटरच्या बाजारात सुनेबरोबर गेले होते. खेळण्यांच्या दुकानात काचेमागे लढाऊ विमानाचा डबा दिसला. प्लास्टिकचे सुटे भाग, सगळे आधीच मापात कापलेले, नुसते चिकटवायचे आणि सोबत दिलेल्या रंगाने रंगवायचे. दुकानातला मुलगा हिंदीत म्हणाला, आंटीजी, इसमें गलती हो ही नहीं सकती. मी डबा हातात घेतला, हलवून पाहिला आणि परत ठेवला. सून विचारत होती काय पाहत होत्या. काही नाही म्हटलं.

तर आमची छताला टांगलेली अकरा विमानं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी हरकरेबाबू आमच्याकडे आले. ते प्लांटाची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात क्लार्क होते, चंद्रपूरकडचे, आणि सेक्टरातल्या मराठी लोकांच्या गणेश मंडळाचे चिटणीस. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. त्यांनी मान वर केली आणि छताकडे पाहतच राहिले.

"मेश्राम, लोक सांगत होते ते खरं निघालं," ते म्हणाले. "आमच्या गणपतीत यंदा असं एक विमान पाहिजे. पण मोठं. मांडवाच्या या टोकाकडून त्या टोकाले तारेवरून गेलं पाहिजे. गणपतीच्या डोक्यावर आलं का फुलं टाकीन."

"बॉम्बच्या जागी फुलं," बाबा म्हणाले.

"हो. लढाईनंतरचा देखावा आहे ना. शांतीचा."

आत आईला हसू आलं आणि त्यापाठोपाठ खोकला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या फटीतून होकाराची मान हलवली. हरकरेबाबूंनी लाकूड, रंग आणि चाकांसाठी म्हणून पंचाहत्तर रुपये दिले, वर्गणीतले, आणि बाबांची सही घेतली. तेव्हा ती रक्कम लहान नव्हती.

दोन दिवसांत बातमी विहारात पोचली. आम्ही बौद्ध, गणपतीशी आमचा संबंध राहिलेला नव्हता. विहाराचं सगळं पाहणारे रंगारीकाका क्रेन चालवत आणि बोलायला फटकळ होते. रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी बाबांना पायरीवर गाठलं.

"काहो मेश्राम, आयकलं ते खरं का? गणपतीच्या मांडवात आपलं विमान?"

"खरं."

"आपण तर गणपती सोडला."

"मीही सोडला. मी विमान करून राहिलो, गणपती नाही."

"अन् फुलं?"

"फुलं ते भरतीन. माझ्या विमानाले खाली फक्त झाकण आहे."

रंगारीकाका हसले, पण जाता जाता म्हणाले, "बिघडलं तर दोन्हीकडून आयकशीन, सांगून ठेवतो." बाबा घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आले. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की या विमानावर त्यांची इज्जत टांगलेली आहे. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या लोकांत. आणि खरं सांगायचं तर माझीही, कारण मला मनातून वाटत होतं की मांडवात कोणीतरी विचारील, हे कोणी केलं, आणि बाबा म्हणतील, आम्ही दोघांनी.

या वेळी एका फुटाला दोन इंच असं प्रमाण धरलं. पंख वीस-वीस इंचांचे. सेमराचं, म्हणजे सावरीचं, हलकं लाकूड आणलं. पण त्या महिन्यात बाबांना ओव्हरटाइम लागला, ते अंधार पडल्यावर घरी येत, रविवारचीही सुट्टी जाई. दिवस उरेनात. तेव्हा बाबांनी काम वाटलं. पोट आणि उजवा पंख त्यांचा, ते संध्याकाळी करणार. डावा पंख माझा, पूर्ण माझा, लाकूड कापण्यापासून. मी दुपारी भांडी आवरून बसायची. बाबांची पट्टी त्यांच्याबरोबर प्लांटात जाई, म्हणून मी माझी शाळेतली लाकडी पट्टी काढली, जांभळ्या शाईचे डाग पडलेली. वीस इंच मी चार वेळा मोजले. पंख पुरा झाला तेव्हा बाबांनी डोळे मिटून त्याच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कुठीच उंच नाही." त्या एका वाक्यावर मी किती दिवस चालले असेन.

पंख पोटाला जोडून ठेवले असते तर दोन्ही एका ठिकाणी दिसले असते. पण जोडलेलं विमान सायकलवर नेता येईना. म्हणून ठरलं की खुंट्या करून ठेवायच्या आणि मांडवातच जोडायचं. गणपती बसायच्या आदल्या दिवशी दुपारी बाबांनी पोट कॅरिअरला बांधलं, पंख आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मी छातीशी धरले आणि आम्ही चालत निघालो.

मांडवात वीस-पंचवीस माणसं असतील. बाबांनी शिडीवर चढून पंख बसवले, खुंट्या ठोकल्या, विमान तारेवरच्या चाकांना अडकवलं. खाली सगळे टाळ्या वाजवायला तयार. बाबांनी हात सोडले आणि विमान उजवीकडे कललं. फार नाही, दमलेल्या माणसाची मान कलते तितकंच. "चालीन, चालीन," कोणी म्हणालं. पोटात झेंडूच्या पाकळ्या भरल्या. दोरी ओढली. अर्ध्या तारेपर्यंत ते आलंही, आणि कललेल्या पंखाचं टोक दिव्यांच्या माळेच्या बांबूला अडकलं. दोरी ओढणाऱ्याला वाटलं चाक अडकलं, त्याने जोर लावला. उजवा पंख मुळातून मोडला आणि सगळं खुर्च्यांवर कोसळलं. पाकळ्या सांडल्या त्या तिथेच सांडल्या.

मंडळात नानाजी म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी सुतळी मागवली आणि मोडका पंख आणि धड पंख दोन्ही जमिनीवर ठेवून मोजले. "हा उजवा लांब आहे, हा डावा आखूड," ते म्हणाले. "अर्ध्या इंचाच्या जवळपास फरक. मेश्राम, पंख कोणी केले?"

"उजवा मी. डावा पोरीनं."

"किती शिकली पोरगी?"

"चौथी."

कोणी हसलं. वाईट हसू नव्हतं ते, कसंनुसं झालं की माणसं हसतात तसं. नानाजी म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं, काम मंडळाबाहेर देऊ नका." बाबांचा चेहरा उतरला होता. ते खाली पाहून म्हणाले, "माझीच चुकी. तिच्या भरवशावर टाकाले नव्हतं पाहिजे. तुमचे पैसे मी परत करीन."

"अहो, सावकाश," हरकरेबाबू म्हणाले.

"नाही. वर्गणीचा पैसा आहे."

मी तिथेच उभी होते, लुगडं हातात घेऊन. मला सांगायचं होतं की मी चार वेळा मोजलं होतं. त्याऐवजी मी लुगड्याची घडी घालत राहिले. परतीच्या वाटेवर बाबा पुढे, मी मागे. ते मला एक शब्दही रागाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी विमानाचं पोट ट्रंकेवर गेलं, माझा पंख दारामागे. रविवारी बाबा मटण आणत, पण पोतं अंथरत नसत. जेवून भिंतीकडे तोंड करून पडत. रंगारीकाका भेटले की म्हणत, "पाय, त्याइच्या देवानंच उतरवलं," आणि बाबा पूर्वीसारखं उलट उत्तर देत नसत. मला विमानाचं दुःख नव्हतं. मला ते पोतं हवं होतं, आणि "डोळे मिट" म्हणणारा तो आवाज. तो माझ्या चुकीने गेला असं सगळ्यांना वाटत होतं, आणि मलाही वाटायला लागलं होतं.

दिवाळीच्या आधी एका सुट्टीला बाबा बाजारात गेले तेव्हा त्यांची कामावरच्या ड्रेसची पँट धुवायला घेतली आणि खिशातून पट्टी काढून ठेवली. सहज म्हणून नाही, ठरवूनच, दारामागचा पंख काढून त्या पट्टीने मोजला. साडेएकोणीसच्या जरा पुढे. माझ्या पट्टीने मोजला. वीस. पुन्हा मोजलं. मग वाटलं की आपलीच पट्टी खोटी. शाळेच्या दारात घेतलेली, काही पैशांची. प्लांटातल्या माणसाची स्टीलची पट्टी खोटी कशी असेल? पण मन मानेना. कोपऱ्यावर एक टेलर होता. त्याच्याकडे जाऊन टेप मागणं हे माझ्यासाठी किती मोठं काम होतं ते मलाच ठाऊक. दुकानासमोरून तीनदा गेले आणि तीनदा परत आले. चौथ्यांदा त्यानेच त्याच्या बोलीत विचारलं, "का होगे नोनी?" म्हणजे काय झालं गं पोरी. मी पंख पुढे केला. त्याने टेप लावला आणि हिंदीत म्हणाला, पूरा बीस.

तो भर रस्त्यातला आनंद मी अजून विसरले नाही. आणि त्याच्यामागोमाग आलेली भीतीही. कारण आता बाबांना सांगायला हवं होतं की चूक त्यांची आहे, आणि ते माझ्या तोंडून होणार नव्हतं. मी दोन्ही पट्ट्या व्हरांड्यातल्या स्टुलावर शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्हींची शून्यं एका रेघेत लावून. माझ्या पट्टीच्या बारापेक्षा बाबांचा बारा पाव इंच पुढे होता. बाबा घरी आले, मी चहा दिला आणि आत जाऊन दाराआड उभी राहिले.

त्यांनी पाहिलं. चहा तसाच हातात. त्यावर साय धरली तरी ते पाहतच होते. मग हाक मारली, "शकू, इकडे ये."

मी गेले.

"लोखंड थंडं झालं का आखडते," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणून आमची पट्टीच वाढवून बनवलेली असते. फुटामागं पाव इंच. नमुना मोठा निघते अन् ओतलेलं बरोबर उतरते. मले वीस वर्षांपासून माहीत आहे. पण घरचं लाकूड कोणी ओतत नाही, हे ध्यानातच नाही आलं. माझ्या हाताले इंच तोच झाला होता."

मी त्यांच्या हातातला निवलेला चहा घेतला.

"तुझा पंख बरोबर होता माय." मग त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. "म्हणजे हे सगळेच थोडे थोडे मोठे आहेत."

आई खाटेवरून म्हणाली, "मंग काय झालं? त्याइले कुठी उतराचं होतं."

त्या वेळी मीही हसले. आज मला वाटतं, कागदावरच्या मापापेक्षा किंचित मोठी अशी ती अकरा विमानं, दोघांनी एकाच पट्टीने केलेली, आमच्या घरातली सगळ्यात खरी वस्तू होती. ती कोणीच शेवटपर्यंत सांभाळली नाहीत. बाबा रिटायर होऊन आम्ही क्वार्टर सोडून खुर्सीपारला आलो तेव्हा सामानात कुठेतरी गेली.

पण त्या दिवशी सगळं मिटलं असं लिहीन तर खोटं होईल. बाबांनी मला घरात सांगितलं होतं, मांडवात नाही. तिथे सगळ्यांसमोर जे बोलले ते तिथेच पडून होतं. हरकरेबाबूंच्या बायकोला मी नळावर भेटायची तर ती दयेने म्हणायची, "होतं गं, शिकली असतीस तर जमलं असतं." मी वाट पाहत होते. बाबा ते पंचाहत्तर रुपये थोडे थोडे करून फेडायला महिन्या-दोन महिन्यांनी मंडळाकडे जात आणि परत येऊन काही सांगत नसत. मी विचारत नसे. पैसे उभे करण्यासाठी ते लोकांचे पाट, पोळपाट, देवघरं करून देऊ लागले आणि मी ती घासून देऊ लागले. म्हणजे व्हरांड्यात पोतं पुन्हा अंथरलं गेलं, रेगमाल पुन्हा वाजू लागलं. नवी साधी पट्टीही त्यांनी आणली. पण आता ते माझं बोट धरत नसत. उलट मलाच विचारत, "पाय बरं, बरोबर आहे का?" मी हो म्हणायची. बापाने आपल्याला असं विचारावं हे मला नको होतं. मला त्यांचं चुकीचं माप चाललं असतं.

वर्षभराने पुन्हा गणपती जवळ आले. हरकरेबाबूंच्या घरी मंडळाची बैठक होती. बाबा अंघोळ करून धुतलेला शर्ट घालून निघाले आणि दारात थांबून म्हणाले, "तूही चाल." आईने माझ्याकडे पाहिलं आणि खाटेवरून पदर नीट करायची खूण केली.

व्हरांड्यात सतरंजीवर तेच सगळे होते, नानाजीसुद्धा. मी खांबाला टेकून उभी राहिले. हरकरेबाबू म्हणाले, "या मेश्राम. आज शेवटचा हप्ता ना?"

"हो," बाबा म्हणाले. पैसे त्यांच्या हातात होते, पण त्यांनी ते पुढे केले नाहीत. "द्याच्या आधी एक सांगाचं आहे. वर्षभर सांगीन सांगीन म्हणून राहिलो, जमलं नाही. त्या दिवशी मी इथं सगळ्याइच्या समोर म्हटलं होतं का पोरीच्या भरवशावर टाकाले नव्हतं पाहिजे. ते खोटं आहे. मी शॉपची वाढीव पट्टी वापरली. लांब पंख माझा होता, चुकी माझी होती. तिचा पंख मापात होता."

नानाजींनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"शॉपची पट्टी घरी?" हरकरेबाबूंनी विचारलं.

"माझ्याजवळ दुसरी नव्हतीच."

हरकरेबाबू माझ्याकडे वळले. "खरं का ग? किती होता तुझा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. बाबा माझ्यासाठी बोलले असते, मला माहीत होतं, पण ते बोलले नाहीत, थांबून राहिले.

"वीस," मी म्हटलं. "पुरा वीस."

"चौथी शिकलेली, नाही का?" नानाजी म्हणाले.

"हो," बाबा या वेळी मान वर करून म्हणाले, "चौथी."

मग त्यांनी ते पैसे माझ्या हातात दिले. मी सतरंजीच्या कडेने जाऊन ते हरकरेबाबूंसमोर ठेवले. त्यांनी मोजले, पावतीपुस्तक काढलं, बोट ओलं करून पान उलटलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "विमानापोटी दिलेली रक्कम, मेश्राम यांच्याकडून पूर्ण परत मिळाली."